टाकी, दोन तारा आणि उलटा बसलेला ट्रान्झिस्टर

आमच्याकडे पाणी सकाळी साडेसहाला येतं. मोटर लावायची, चहा ठेवायचा आणि मग खालच्या काकूंची हाक ऐकायची: "अहो, टाकी वाहतेय तुमची!" वर्षभर हे ऐकल्यावर ठरवलं, की टाकी भरली की वाजेल असं काहीतरी करायचं. तसलं यंत्र बाजारात तयार मिळतं, हे माहीत होतं. पण एका व्हिडिओत एक मुलगा तेच दहा मिनिटांत बनवून दाखवत होता. मी कॉमर्सचा माणूस. दहावीला विभवांतर, विद्युतधारा, रोध हे शब्द पाठ केले, मार्क घेतले आणि सोडून दिले. म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, करू या.

मला तीन रविवार लागले, आणि पुढे पावसाळ्यातली एक रात्र वेगळीच. त्या मुलाचं सर्किट पहिल्या फटक्यात चाललं, म्हणून त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. माझं चाललं नाही, म्हणून मला समजून घ्यावं लागलं. या लेखात जे इलेक्ट्रॉनिक्स आहे ते सगळं या न चालण्यातूनच आलेलं आहे.

आधी सामान. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, ही यासाठीची जुनी ठिकाणं. मी यादी घेऊन गेलो: ब्रेडबोर्ड, लाल एलईडी, ३३० ओहमचे रेझिस्टर, एक बझर, चार पेन्सिल सेलचा डबा आणि टूएन ३९०४ नावाचा ट्रान्झिस्टर. व्हिडिओ अमेरिकेतला होता, तिकडे हा नंबर घरोघरी. दुकानदार काका म्हणाले, "ते नाही. बीसी ५४७ न्या, तेच काम करतो." काकांचं म्हणणं खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मला दुसऱ्या रविवारी कळलं.

पहिल्या रविवारी घरी आल्या आल्या एलईडी थेट सेलच्या डब्याला लावला. क्षणभर झगमगला आणि कायमचा गेला. व्हिडिओत रेझिस्टर होता, पण तो का आहे हे सांगितलं नव्हतं, त्यामुळे मला तो शोभेचा वाटला. एलईडीचा स्वभाव असा, की दीड व्होल्टला दार जवळजवळ बंद आणि दोनच्या आसपास सताड उघडं. त्यापुढे व्होल्टेज किंचित वाढलं तरी प्रवाह भसाभस वाढतो. साधा दिवा स्वतःला सांभाळून घेतो, एलईडी घेत नाही. त्याला कुणीतरी आवरणारं लागतं, आणि ते काम रेझिस्टर करतो.

किती ओहमचा? इथे १८२७ साली जॉर्ज ओमनं मांडलेला नियम लागतो: प्रवाह म्हणजे व्होल्टेज भागिले रोध. चार सेलचे सहा व्होल्ट. त्यातले दोन एलईडी खातो, उरले चार. चार भागिले ३३०, म्हणजे साधारण ०.०१२ अँपिअर, म्हणजेच बारा मिलिअँपिअर. लाल एलईडी वीसपर्यंत आरामात सोसतो. दहावीत हे गणित मी वीस वेळा सोडवलं असेल, पण त्यातले 'उरलेले चार' कुठून येतात, ते जळका एलईडी हातात असतानाच डोक्यात शिरलं.

त्याच दिवशी मल्टिमीटरचा फ्यूजही घालवला. व्होल्टेज मोजताना मीटरच्या दोन सळया दोन टोकांना लावायच्या असतात. प्रवाह मोजायचा तर तार तोडून मीटर मधे बसवायचा, टोलनाक्यासारखा, म्हणजे सगळी रहदारी त्याच्यातूनच जाईल. अशा वेळी मीटरनं रहदारी अडवू नये म्हणून त्याचा स्वतःचा रोध अगदी नगण्य ठेवलेला असतो. मी तो अँपिअरवर ठेवून सेलच्या दोन टोकांना लावला, म्हणजे सेलच्या एका टोकाला दुसरं टोक सरळ तारेनं जोडल्यासारखंच झालं. फ्यूज काही रुपयांचा. फी म्हणून परवडली.

ब्रेडबोर्डबद्दल थोडक्यात. रेडिओच्या सुरुवातीच्या काळात तिकडचे हौशी लोक पाव कापायच्या लाकडी फळीवर खिळे ठोकून सर्किट जोडत, त्यावरून हे नाव आलं. आपल्याकडे ही कला जन्माला आली असती तर तिला पोळपाट म्हटलं असतं. आजचा बोर्ड प्लास्टिकचा, भोकाभोकांचा. मधल्या भागातली पाच-पाच भोकं आतून जोडलेली, आणि कडेला लाल-निळ्या रेघांच्या लांब ओळी वीज पुरवायला. माझ्या बोर्डावर ती लाल रेघ मध्यावर थोडी तुटलेली होती. छपाईतली चूक समजून मी दुर्लक्ष केलं. ती चूक नव्हती, ओळच आतून तिथे तुटलेली होती, त्यामुळे अर्ध्या बोर्डाला वीजच नव्हती. काही बोर्डांना अशी तूट असते, काहींना नसते. व्हिडिओतल्या मुलाच्या बोर्डाला नव्हती.

आता मुख्य गोष्ट. सर्किट असं: सेलच्या प्लसपासून एक तार टाकीत. दुसरी तार टाकीतून परत येऊन दहा हजार ओहमच्या रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायाला. त्या पायाचं नाव बेस. दुसरे दोन पाय कलेक्टर आणि एमिटर. एमिटर मायनसला, आणि कलेक्टरच्या वाटेवर एलईडी आणि त्याचा रेझिस्टर. पाणी दोन्ही तारांना टेकलं, की पाण्यातून थोडा प्रवाह बेसमध्ये जातो आणि ट्रान्झिस्टर एलईडीची मोठी वाट मोकळी करतो.

ट्रान्झिस्टर नसला तर काय बिघडतं? नळाच्या पाण्यातून वीज जाते, पण रखडत. माझ्या दोन तारांमधल्या पाण्याचा रोध मीटरवर तीस हजार ओहमच्या आसपास आला. दहा हजारांचा रेझिस्टर धरून चाळीस. एलईडी त्या वाटेत थेट बसवला असता तर जेमतेम एक दशांश मिलिअँपिअर मिळाला असता. एवढ्यात तो उजेडात दिसतसुद्धा नाही. ट्रान्झिस्टर हे काम कसं सोपं करतो, ते मोटारीच्या पॉवर स्टिअरिंगवरून समजतं: बोटानं चाक फिरवायचं, चाकं वळवायची ताकद इंजिनाची. बेसमधल्या छोट्या प्रवाहाच्या कितीतरी पट मोठा प्रवाह कलेक्टरकडून एमिटरकडे जाऊ शकतो. या पटीला गेन म्हणतात. एक गोष्ट इथे नेहमी गोंधळात टाकते: ट्रान्झिस्टर प्रवाह 'वाढवतो' म्हणजे स्वतः तयार करत नाही. प्रवाह सेलचाच, ट्रान्झिस्टर फक्त दार किती उघडायचं ते ठरवतो. बेल लॅब्जमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला. तेव्हापासून आपल्या खिशातल्या मोबाइलपर्यंतची सगळी इमारत या दारावर उभी आहे.

गणितानं माझा एलईडी लख्ख लागायला हवा होता. बेसजवळ ०.७ व्होल्ट खर्च होतात, उरले ५.३. भागिले चाळीस हजार, म्हणजे ०.१३ मिलिअँपिअर. गेन दोनशेच्या आसपास, म्हणजे पंचवीस-सव्वीस मिलिअँपिअरला वाट मोकळी. एलईडीला बाराच हवेत. आणि माझा एलईडी? पेल्यात तारा बुडवल्या की लागायचा, पण विझायला आलेल्या निरांजनासारखा.

पूर्ण बंद असता तर मी सुटी तार शोधली असती. पूर्ण चालू असता तर प्रश्नच नव्हता. हे अर्धवट लागणं मला दुपारभर छळत राहिलं. व्हिडिओ तीनदा पाहिला, एकेक तार बोट ठेवून ताडली. एक अनावश्यक वाटलेला रेझिस्टर गाळला होता, तो सोडला तर सगळं तंतोतंत तसंच. शेवटी स्वस्तातल्या पिवळ्या मल्टिमीटरवर ट्रान्झिस्टरसाठी एक गोल सॉकेट असतं, तिथे तो खुपसून पाहिला. सॉकेटवर ई, बी, सी अशी अक्षरं. एका बाजूनं घातला तर आकडा आला ६. फिरवून घातला तर १९०.

तिथे उलगडा झाला. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून क्रम कलेक्टर, बेस, एमिटर. टूएन ३९०४ चा क्रम एमिटर, बेस, कलेक्टर. काम तेच, पाय उलटे. मी व्हिडिओत बघून पाय अगदी तंतोतंत जोडले होते, आणि म्हणूनच चुकलं होतं.

पण उलटा असूनही तो थोडासा चालला कसा? सोप्या चित्रात दोन्ही कडांना एकाच जातीचं सिलिकॉन आणि मधे दुसऱ्या जातीचा पातळ थर, म्हणजे डावं-उजवं सारखंच दिसतं. प्रत्यक्षात बनवताना एमिटरच्या सिलिकॉनमध्ये दुसऱ्या मूलद्रव्याची भेसळ मुद्दाम भरपूर केलेली असते, म्हणजे तिथून वाहणारे कण भरभरून निघावेत, आणि कलेक्टर मोठा ठेवतात, म्हणजे ते सगळे गोळा व्हावेत. भूमिका बदलल्या तरी खेळ होतो, पण रडतखडत: १९० च्या जागी ६. सहा गुणिले ०.१३, म्हणजे पाऊण मिलिअँपिअर. माझं निरांजन हेच. ट्रान्झिस्टरची दोन्ही टोकं सारखी नसतात, हे मला कुठल्या आकृतीनं शिकवलं असतं असं वाटत नाही. ट्रान्झिस्टर फिरवला, तारा पाण्यात बुडवल्या, एलईडी लख्ख.

तेव्हापासून कुठलाही भाग वापरण्याआधी त्याची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, उघडतो. पंधरा पानांतली दोनच पाहायची: पायांचं चित्र, आणि जास्तीत जास्त किती सोसतो ते. बीसी ५४७ शंभर मिलिअँपिअर आणि पंचेचाळीस व्होल्ट सोसतो. यातला पंचेचाळीसचा आकडा पुढे कामाला येतो.

एलईडीनं माझं काम भागणार नव्हतं, कारण चहा करताना टाकीकडे कोण बघतंय. बझर लावला. त्याला साधारण तीस मिलिअँपिअर लागतात आणि माझं दार पंचवीसलाच अडतंय. त्यामुळे तो घसा बसल्यासारखा कुरकुरला. उपाय जुना आहे: एका ट्रान्झिस्टरचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला द्यायचा. या जोडीला डार्लिंग्टन जोडी म्हणतात. पटींची पट होते: १९० गुणिले १९०, म्हणजे कागदावर छत्तीस हजार, प्रत्यक्षात बरीच कमी. त्याचा मोबदला म्हणून बेसजवळ ०.७ च्या दुप्पट, १.४ व्होल्ट खर्च होतात. हा १.४ लक्षात ठेवा. बझर कडाडला, आणि घरातून पहिली तक्रार आली: "हे सलग किंचाळणं नको. टीं... टीं... असं कर."

'टीं टीं' करायचं तर ५५५ ही आयसी, म्हणजे आत अख्खं सर्किट असलेली चिप. हान्स कामेनझिंड या स्विस वंशाच्या इंजिनिअरनं ती अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ मध्ये आखली, १९७२ मध्ये ती बाजारात आली, आणि आजही काही रुपयांत मिळते. ती समजावणारे व्हिडिओ शेकड्यांनी आहेत. बेन ईटर नावाचा एक जण ब्रेडबोर्डवर अख्खा आठ बिटांचा संगणक बांधतो, त्याची सुरुवात याच ५५५ पासून होते. आयसीच्या आत काय चाललंय ते तो घाई न करता दाखवतो. मला तो आवडतो कारण तो तार जोडण्याआधी ती का जोडायची ते सांगतो. मी त्याच्याकडे मधेच व्हिडिओ थांबवून, पुढे काय होईल ते कागदावर लिहायचं शिकलो. निम्म्या वेळा चुकतं. चुकलं की पुढचं मिनिट कान देऊन ऐकलं जातं.

५५५ समजायला मला लांब जावं लागलं नाही, गच्चीवर टाकी होतीच. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी, आणि रेझिस्टर म्हणजे तिला जाणारा अरुंद नळ. समजा टाकीला दोन खुणा आहेत, एक तृतीयांशावर आणि दोन तृतीयांशावर. पाणी वरच्या खुणेला टेकलं, की नळ बंद करून खालची तोटी उघडायची. उतरत उतरत खालच्या खुणेला आलं, की तोटी बंद, नळ सुरू. हे अखंड चालू राहतं. ५५५ च्या आत तीन सारखे रेझिस्टर ओळीनं बसवलेले असतात, ते पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या या दोन खुणा तयार करतात. टाकी भरतेय तोवर बाहेरचा पाय चालू, उतरतेय तोवर बंद. 'टीं' आणि मधली शांतता, दोन्ही इथूनच येतात.

नळ जितका अरुंद आणि टाकी जितकी मोठी, तितका वेळ जास्त. रोध आणि कपॅसिटन्स (म्हणजे या टाकीचा आकार) यांचा गुणाकार केला की सरळ सेकंद मिळतात. एक लाख ओहम गुणिले दहा मायक्रोफॅरड म्हणजे एक सेकंद. इतक्या वेळात कपॅसिटर ६३ टक्के भरतो, कारण सुरुवातीला भराभर आणि भरत आला की हळूहळू, असा त्याचा भरण्याचा वेग असतो. मी दहा हजार आणि एक लाख ओहम, जोडीला दहा मायक्रोफॅरड वापरला. साधारण पाऊण सेकंद आवाज, त्याहून किंचित कमी शांतता.

यातली मला सगळ्यात देखणी वाटलेली गोष्ट सांगतो. सेल जुने होऊन सहाचे पाच व्होल्ट झाले, तर टीं टीं मंद व्हायला हवी ना? होत नाही. टाकीत पाणी हळू येतं हे खरं, पण खुणाही त्याच प्रमाणात खाली सरकतात, कारण त्या पुरवठ्याच्या एक आणि दोन तृतीयांशच आहेत. दोन्ही एकमेकांना खोडतात. आवाज लहान होतो, ठेका तोच राहतो. मी सेल बदलून, मोबाइलवर वेळ लावून हे पाहिलं आणि बायकोला बोलावून दाखवलं. तिनं मान डोलावली आणि पोळ्या लाटायला गेली.

पाण्याच्या उपमेला मर्यादा आहे. पाइप कापला तर पाणी बाहेर सांडतं, तार कापली तर वीज सांडत नाही, थांबते. विजेला परतीची वाट लागतेच. माझ्या पहिल्या रविवारच्या निम्म्या चुका मायनसची तार जोडायला विसरल्याच्या होत्या.

५५५ स्वतः रिकामी बसूनही तीनेक मिलिअँपिअर पिते. पेन्सिल सेलची क्षमता दोन हजार मिलिअँपिअर-तास धरली, तर महिन्याच्या आत सेल संपले. म्हणून ती डार्लिंग्टन जोडीच्या पलीकडे ठेवली. टाकी भरेपर्यंत तिला वीजच मिळत नाही, भरली की जागी होते.

दोनेक महिन्यांनी टाकीतल्या तारा वर काढून पाहिल्या. प्लसकडच्या तांब्याच्या तारेचं टोक हिरवं पडून झिजलेलं, दुसरी जशीच्या तशी. एकच झिजली यातच उत्तर आहे: हे इलेक्ट्रोलिसिस. पाण्यातून एकाच दिशेनं प्रवाह गेला, की प्लसचा धातू हळूहळू पाण्यात उतरतो. पाण्याचा रोध मोजताना मीटरवरचा आकडा स्थिर राहत नव्हता, चढतच जायचा, त्यामागेही तारांच्या टोकांशी चाललेली हीच रसायनं. टाकीचं पाणी आम्ही पितो, तेव्हा तांबं काढून स्टीलचे दोन स्क्रू लावले, आणि मोटर बंद केली की सर्किटही बंद करायचं असा नियम केला. ज्यांच्याकडे आर्ड्युइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आहे ते तारांना वीज सतत न देता, दर काही सेकंदांनी क्षणभरच देऊन वाचन घेतात. ते अधिक चांगलं.

"मग मोटरच आपोआप बंद कर ना," हे प्रत्येक पाहुणा म्हणतो. त्यासाठी रिले लागतो, म्हणजे छोट्या प्रवाहानं मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या कॉइलमधला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातला, प्रवाह अचानक तोडला तर ती उलट्या दिशेनं व्होल्टेजचा असा झटका देते, की पंचेचाळीस व्होल्टवाला ट्रान्झिस्टर जागीच मरतो. म्हणून कॉइलला आडवा एक डायोड, म्हणजे एकाच दिशेनं प्रवाह जाऊ देणारा भाग, लावतात. एवढं मी टेबलावर सहा व्होल्टला करून पाहिलं. पण मोटरचे २३० व्होल्ट, ओली गच्ची आणि माझ्यासारखा रविवारचा कारागीर, हे एकत्र आणायचं नाही. याच कारणानं टाकीतल्या तारा मोबाइलच्या चार्जरवरही चालवत नाही. चार्जर आतून बिघडला तर घरातली वीज थेट पाण्यात उतरेल. सेलच बरे. इलेक्ट्रोबूम या यूट्यूब चॅनेलचे मेहदी सदाग्दर व्हिडिओत मुद्दाम झटके खातात आणि त्यातून शिकवतातही छान, पण ते इंजिनिअर आहेत आणि कुठला झटका किती हे मोजून बसलेले असतात.

राहिली ती पावसाळ्यातली रात्र. संध्याकाळी सर्किट बंद करायला विसरलो होतो. रात्री दोन वाजता टीं... टीं... टीं. छत्री घेऊन गच्चीवर गेलो. टाकी निम्मी रिकामी. दोन्ही स्क्रू झाकणाजवळ प्लास्टिकच्या एका पट्टीवर बसवलेले, आणि पट्टीवर पावसाच्या ओलीचा पातळ थर. त्यातून दहा लाख ओहमची का होईना, वाट झाली होती. तिच्यातून जेमतेम साडेचार मायक्रोअँपिअर जात असतील, पण डार्लिंग्टनला तेवढे पुरतात. ज्या हजारोंच्या पटीचं मी कौतुक केलं, तिला आता ओलसुद्धा ऐकू येत होती.

उपाय एका रेझिस्टरचा निघाला: बेसपासून मायनसला एक लाख ओहम. आता सहा व्होल्ट दोघांत वाटले जातात, वर ओलीचे दहा लाख, खाली हे एक लाख. खालच्याच्या वाट्याला अकरावा हिस्सा, म्हणजे अर्ध्या व्होल्टच्या आसपास. जोडी जागी व्हायला १.४ लागतात, त्यामुळे ती झोपलेलीच. खरं पाणी आलं तर वर फक्त चाळीस हजार, मग खालच्याला मिळू शकतात चारच्या वर, आणि जोडी खडबडून उठते. याला व्होल्टेज डिव्हायडर म्हणतात. व्हिडिओतल्या सर्किटमध्येही बेसपासून मायनसला जाणारा एक रेझिस्टर होता. मी तो अनावश्यक समजून गाळला होता.

दुसऱ्या दिवशी तो लावला, आणि पट्टीवर पेल्यानं पाणी शिंपडून पाहिलं. गप्प. मग मोटर लावली. पावणेसातला टीं टीं सुरू झाली, आणि खालून काकूंचा आवाज आला: "अहो, ते काय वाजतंय तुमच्याकडे?"